‘वेन्झ्-डे’ मुलांच्या तोंडी कसं बसवायचं

मी सदाशिव पेठेत घरीच पाचवी-सहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. शाळेचं वेळापत्रक वाचताना दरवर्षी कुणी ना कुणी Wednesday ला ‘वेड-नेस-डे’ म्हणतंच. मी त्याला लगेच चूक म्हणत नाही. पोरगं लिहिलंय तेच वाचतंय.

आधी वहीत ‘बुधवार’ लिहायला लावते. अक्षरं चार. मग म्हणायला सांगते, एका दमात जेवढं निघेल तेवढ्याला एक टाळी. टाळ्या दोनच पडतात: बुध्, वार्. ‘ध’मधला अ लिहिण्यात राहिला, बोलण्यातून गेला. इंग्रजांच्या तोंडूनही असंच गळलं. म्हणून तिथेही टाळ्या दोन, वेन्झ् आणि डे, आणि जोर पहिलीवर.

आता तोंडाचं काम. सुरुवातीला शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा, वरचे दात खालच्या ओठाला लागू द्यायचे नाहीत. पहिला डी म्हणायचाच नाही. त्याच्या पुढचा एस म्हणजे ‘स’ नव्हे, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. ‘माझी’तला झ नको, ‘माझा’तला हवा. तो म्हणताना जीभ क्षणभर वर टेकते. ती न टेकवता नुसता झझझ लांबवायचा. गळ्याला बोट लावलं की थरथर कळते. थरथर नसेल तर स होतोय, पुन्हा करायचं. शेवटच्या ‘डे’ला जीभ मागे वळवायची नाही, टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला लावायचं.

मूळ सांगितलं की मुलं हा शब्द विसरत नाहीत. जुन्या इंग्रजीत हा वोडन देवाचा दिवस. मधला एस म्हणजे आपला ‘चा’. रोमन लोक याला मर्क्युरीचा दिवस म्हणत, जर्मानिक टोळ्यांनी मर्क्युरीच्या जागी आपला वोडन बसवला. फ्रेंचमध्ये मर्क्युरी अजून आहे, ‘मेर्क्रदी’. आणि मर्क्युरी हा ग्रह म्हणजे आपला बुध! हे ऐकून अप्पा बळवंत चौकाजवळ राहणारी एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आमची वेन्झ्-डे पेठ?” अगदी बरोबर, बाळा.

स्पेलिंग लिहिताना मात्र मनातल्या मनात खुशाल ‘वेड-नेस-डे’ म्हणावं. डी गळत नाही, ई-एसची जागाही चुकत नाही.