लिप्यंतराचं ॲड-ऑन ठेवायचं कुठे, सांभाळायचं कुणी?

बडोद्यात एकच मजकूर अनेकदा दोन लिप्यांत लागतो. दांडिया बाजारातल्या मंडळाची गणेशोत्सवाची सूचना मराठीतच असते, पण गुजराती माध्यमात शिकलेल्यांसाठी तीच गुजराती अक्षरांत छापली तर ते ती सहज वाचतात. हे काम करणारं ईमॅक्स या मजकूर-संपादकाचं ॲड-ऑन (जोड-प्रोग्रॅम) लिहिणं फार अवघड नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यात, गुजराती अक्षर त्याच्या देवनागरी जोडीदारापासून ३८४ क्रमांक पुढे असतं, म्हणजे मुख्य काम एका बेरजेचं. अडतं ते अपवादांपाशी. ‘दुसऱ्या’तला ऱ आणि ‘ॲप’मधला ॲ यांच्यापुढच्या ३८४व्या जागा रिकाम्या आहेत, तिथे नुसते चौकोन उमटतात. उभा दंड (।) तर दोन्ही लिप्यांना सामाईक आहे, तो हलवायचाच नाही. अशा दुरुस्त्या वर्षानुवर्षं निघत राहतात, म्हणून त्या वापरणाऱ्यापर्यंत कोणत्या वाटेनं पोहोचतील हे आधी ठरवा.

मूळ कोडची रिपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवायची जागा) एकच असू द्या आणि ती गटाच्या नावाच्या खात्यावर उघडा. सयाजीराव विद्यापीठातला विद्यार्थी पदवी घेऊन पुण्याला किंवा बंगळुरूला गेला की त्याच्या वैयक्तिक खात्यावरचं काम तिथेच अडकतं. मालकीचे अधिकार किमान दोघांकडे हवेत. लायसनची फाइल पहिल्याच दिवशी घाला, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची, आवृत्ती ३ किंवा त्यापुढची. नंतर लायसन बदलायचं म्हटलं तर ज्यांनी ज्यांनी कोड दिला त्या प्रत्येकाची संमती मिळवावी लागते.

आता वितरण. ईमॅक्सची पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार ॲड-ऑन, जिथून उतरवतात अशी तीन मोठी भांडारं आहेत: ग्नू एल्पा, मेल्पा आणि नॉन-ग्नू एल्पा. ग्नू एल्पामध्ये साधारण १५ ओळींपेक्षा जास्त कोड देणाऱ्या प्रत्येकाला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे कॉपीराइट करून द्यावा लागतो, आणि नोकरदार असेल तर मालकाचीही सही लागू शकते. विद्यार्थी येत-जात राहणाऱ्या गटाला हे झेपत नाही. मेल्पात शिरणं त्या मानानं सोपं: दोन-तीन ओळींची रेसिपी (कोड कुठे आहे हे सांगणारी नोंद) पाठवायची आणि तपासणाऱ्यांच्या सूचनांप्रमाणे सुधारणा करायच्या. मात्र मेल्पा प्रत्येक नव्या कमिटवरून (रिपॉझिटरीत नोंदवलेल्या बदलावरून) पॅकेज बांधतं आणि आवृत्तीच्या जागी तारीख घालतं, उदाहरणार्थ २०२४०११५.१२३०. अर्धवट कमिट ढकललात तर तेही लोकांकडे जातं. शिवाय पुढे तुम्ही दुसऱ्या भांडारात १.४ आवृत्ती काढलीत तर ईमॅक्सच्या हिशेबी तारखेचा आकडा मोठा ठरतो, आणि वापरणारा जुन्यावरच राहतो. त्यानं जुनं पॅकेज काढून टाकेपर्यंत किंवा भांडारांचा अग्रक्रम स्वतः लावेपर्यंत हे सुटत नाही.

म्हणून अशा गटानं नॉन-ग्नू एल्पा निवडावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. कॉपीराइट द्यावा लागत नाही, आणि २०२२ मध्ये आलेल्या ईमॅक्स २८ पासून ते आपोआप जोडलेलं असतं. मेल्पाचा पत्ता सांगणारी ओळ वापरणाऱ्याला स्वतःच्या सेटिंगमध्ये लिहावी लागते. संगणकाशी बेताचीच ओळख असलेल्या माणसाचं घोडं तिथेच अडतं. उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर मात्र ईमॅक्स २७.१ मिळतं, तिथे अशी ओळ नॉन-ग्नू एल्पासाठीही लागेल. ती माहितीपत्रकात आयती देऊन ठेवा.

नॉन-ग्नू एल्पाची एक खोच नीट समजून घ्या. तिथे नवी आवृत्ती निघते ती मुख्य फाइलच्या डोक्यावरची ‘व्हर्जन’ ओळ बदलली की, आणि पॅकेज बांधलं जातं ते ती ओळ बदलणाऱ्या कमिटवरून. आकडा आधी १.४ केला आणि ऱ ची दुरुस्ती नंतर टाकली, तर लोकांना १.४ मिळतं पण दुरुस्ती मिळत नाही. तेव्हा आधी सगळ्या दुरुस्त्या, मग चाचण्या, आणि अगदी शेवटच्या वेगळ्या कमिटमध्ये फक्त आकडा. त्याच कमिटवर टॅग (आवृत्तीच्या नावाची खूण) लावा.

पाठवण्यापूर्वी पॅकेज-लिंट आणि चेकडॉक ही चुका दाखवणारी साधनं चालवा. ईमॅक्स लिस्प या ॲड-ऑनच्या भाषेत नेमस्पेस (प्रत्येक पॅकेजची नावं वेगळी ठेवणारे कप्पे) नाहीत, त्यामुळे प्रत्येक फंक्शनच्या नावाची सुरुवात पॅकेजच्या नावानं व्हायला हवी. नाहीतर दुसऱ्या कुणाचं फंक्शन चुपचाप पुसलं जातं. कोणत्या ईमॅक्सपासून चालतं हे ‘पॅकेज-रिक्वायर्स’ ओळीत लिहा. फाइलच्या शेवटी ‘एंड्स हिअर’ची ओळ राहिली असेल तर जुन्या आवृत्त्या पॅकेज घ्यायलाच नकार देतात. मग ईमॅक्स ‘-Q’ (मोठा क्यू) देऊन, म्हणजे स्वतःच्या सेटिंगविना, कोरं उघडा, फाइलवरून पॅकेज बसवा आणि बाइट-कंपाइलचा (कोड यंत्रासाठी रूपांतरित करतानाचा) एकही इशारा शिल्लक ठेवू नका. तुमच्या रोजच्या सेटिंगमध्ये चालतं याचा अर्थ इतरांकडे चालेल असा होत नाही.

डेबियन या लिनक्स प्रणालीचं पॅकेज स्वतः बांधण्याच्या मागे लागू नका. तिच्या ‘स्टेबल’ या स्थिर शाखेत गेलेली आवृत्ती साधारण दोन वर्षं तशीच राहते. टॅग, लायसन आणि चाचण्या नीट असतील तर तिथला स्वयंसेवक ते काम उचलू शकतो.

व्हीएस कोड या दुसऱ्या संपादकासाठी मागणी आली तर तो वेगळा कोड असतो, आणि जागाही दोन: मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस आणि व्हीएस कोडियम ही त्याची मुक्त आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी ओपन व्हीएसएक्स. प्रकाशनाच्या टोकनला (परवानगीच्या गुप्त किल्लीला) मुदत असते, तिची तारीख मालकीचे अधिकार असलेल्या दोघांच्याही कॅलेंडरमध्ये टाका. अक्षरांचा तक्ता मात्र दोन्ही संपादकांसाठी एकाच जेसन फाइलमध्ये (कोणत्याही प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) ठेवा, आणि शेजारी चाचणीचे शब्द: दुसऱ्या, ॲप, यज्ञ, बाळ, १२३ आणि एक उभा दंड.