ठाण्याहून वासोटा आणि शिवसागर : जंगलवाट व कयाकिंगच्या तीन दिवसांची आखणी

सातारा जिल्ह्यातील जावळी खोऱ्यात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठावर दाट जंगलात उभा असलेला वासोटा किल्ला ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक भटक्यांच्या यादीत वर्षानुवर्षे असतो आणि बहुधा यादीतच राहतो. राजमाचीला किंवा पेबला शनिवारी रात्री ठरवून रविवारी पहाटे निघता येते. वासोट्याला तसे निघता येत नाही. किल्ला कोयना अभयारण्यात आहे, हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, जलाशयाच्या अलीकडच्या काठावरील बामणोली गावाच्या बाजूने पायथ्यापर्यंत मोटाररस्ता नाही, आणि वनखात्याची परवानगी घेऊन बोटीने जलाशय ओलांडल्याशिवाय चढाईला सुरुवातच होत नाही. म्हणून या सहलीची आखणी घरातून निघण्याच्या वेळेपासून न करता, संध्याकाळी बोटीत परत बसण्याच्या वेळेपासून मागे मोजत करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शिवसागरावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, हीही चालवायची असेल, तर त्यासाठी वेगळा दिवस काढावा. दोन्ही गोष्टी एका दिवसात कोंबल्या, तर दोन्ही अर्धवट होतात.

आधी हा हिशेब करून पाहावा. अंधार पडण्यापूर्वी बामणोलीत परतायचे, तर किल्ल्याच्या पायथ्याची बोट संध्याकाळी पाचच्या आत सुटली पाहिजे. उतरायला दोन तास धरले, तर दुपारी तीनला माथा सोडावा लागतो. माथ्यावर दोन तास हवे असतील, तर एकला वर पोहोचले पाहिजे, आणि सर्वसाधारण चालीला चढाईचे अडीच तास लागत असल्याने साडेदहाला चढाई सुरू व्हायला हवी. बोटीचा प्रवास दीड तासापर्यंत जातो, म्हणजे बोट नऊला सुटली पाहिजे. परवानगी आणि बोट ठरवण्यात तास जातो, म्हणजे आठला आपण बामणोलीत हजर हवे. ठाण्याहून मध्यरात्री निघून आठला बामणोलीत पोहोचता येते, हे खरे आहे; पण ज्याने रात्रभर गाडी चालवली आहे, किंवा बसमध्ये मान अवघडून घेतली आहे, त्याने त्याच दिवशी खडा चढ चढून पुन्हा उतरावे, हे मला मुळीच पटत नाही. थकलेले पाय उतरणीवर घसरतात, आणि येथे पाय मुरगळला तर सातारच्या रुग्णालयापर्यंत जाताना आधी जंगलवाट, मग पाणी आणि मग डोंगररस्ता, असे तीन टप्पे मध्ये असतात.

म्हणून शनिवारी प्रवास, रविवारी किल्ला आणि सोमवारी सकाळी कयाकिंग हा क्रम मी सुचवतो. सोमवारची रजा टाकणे जमत नसेल, तर शुक्रवारपासून हाच क्रम लावावा. त्यात किल्ल्याचा दिवस शनिवार येतो आणि गर्दी मात्र तितकीच राहते. बामणोलीच्या वनकार्यालयाचा आठवड्यातील बंद दिवस असल्यास तोही आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावा.

ऋतूच्या बाबतीत एक गैरसमज दरवर्षी दिसतो. कास पठाराची फुले आणि वासोटा एकाच रस्त्यावर असल्याने दोन्ही एका सहलीत पाहू, असे अनेकांना वाटते. कासचा बहर प्रामुख्याने सप्टेंबरमध्ये असतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ओसरू लागतो, तर वासोट्याची वाट पावसाळ्यात बंद असते आणि साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडते. ही तारीख पावसावर अवलंबून असल्याने ती बामणोलीच्या वनकार्यालयाकडून निश्चित करून घ्यावी. वाट उघडल्यावर पहिल्या दिवसांत जंगल हिरवेगार असते, पण जळवाही असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मार्चनंतर धरणाची पातळी उतरत जाते, बोट काठापासून दूर थांबते, चिखल आणि भेगाळलेली जमीन तुडवत बरेच अंतर चालावे लागते, आणि एरवी बुडालेले झाडांचे बुंधे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात, जे कयाकसाठी धोक्याचे असते.

ठाण्याहून साताऱ्याला जाण्यासाठी एसटी आणि खासगी बस दोन्ही मिळतात, आणि वाशी, नेरूळ, कळंबोली या थांब्यांवरूनही त्या पकडता येतात. स्वतःची गाडी असल्यास द्रुतगती महामार्ग, पुणे आणि खंबाटकी घाट या मार्गाने साताऱ्यापर्यंत पाच ते सहा तास धरावेत; शनिवारी सकाळी सातनंतर निघणाऱ्यांनी त्यात घाटातील कोंडीचा वेळ मिळवावा. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली चाळीस किलोमीटरच्या आत आहे. एसटीने जाणाऱ्यांनी सातारा बसस्थानकावर उतरताच बामणोलीची पुढची गाडी विचारावी, कारण या रस्त्यावर फेऱ्या थोड्या आहेत. रोख रक्कम आणि इंधन साताऱ्यातच घ्यावे. पुढे मोबाइलची रेंज कोठे मिळेल आणि कोठे नाही याचा भरवसा नसल्याने, घरच्यांना परतीची वेळ आणि मुक्कामाचे ठिकाण साताऱ्यातूनच कळवावे.

मुक्कामासाठी बामणोली, शेंबडी आणि तापोळा परिसरात घरगुती सोय आणि तंबू मिळतात. अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे किल्ल्यावर रात्र काढण्याचे जुने किस्से कोणी सांगितले, तरी तो विचार करू नये. शक्य असल्यास गावातील घरीच जेवावे आणि घरच्यांशी निवांत बोलावे. कोयना धरण १९६० च्या दशकात उभे राहिले, तेव्हा या खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली, आणि त्यांतील काही कुटुंबांचे पुनर्वसन आपल्या ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतही झाले. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी म्हणून राबलेल्या कित्येक घरांची मुळे जावळी आणि पाटण तालुक्यांत आहेत. आपल्या ओळखीत असे कोणी असेल, तर निघण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे. या पाण्याकडे आणि जंगलाकडे पाहण्याची आपली नजर त्यामुळे निश्चित बदलते.

शनिवारी संध्याकाळीच बोट ठरवून ठेवावी. भाडे माणशी नसून पूर्ण बोटीचे असल्यामुळे दोघे-तिघेच गेल्यास ते जड पडते, अशा वेळी काठावर भेटणाऱ्या दुसऱ्या गटाबरोबर बोट वाटून घेता येते. मात्र ज्यांच्याबरोबर बोट घेतली, त्यांच्याबरोबरच परतावे लागते, हे लक्षात ठेवून दोन्ही गटांनी परतीची वेळ आधीच ठरवावी. परवानगीसाठी प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि त्याची प्रत जवळ असावी. मद्य, सिगारेट आणि काडेपेटी मुक्कामीच ठेवावी. पायथ्याच्या वनचौकीवर सामानाची तपासणी होऊन प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या जातात आणि परतताना तितक्याच दाखवाव्या लागतात. या नियमाची कुरकुर करणारे भेटतात. मला तो अत्यंत योग्य वाटतो, कारण गर्दीच्या इतर किल्ल्यांवर वेफर्सच्या पिशव्यांनी भरलेली टाकी आपण सर्वांनीच पाहिली आहेत. खाऊ घरूनच कापडी पिशवीत किंवा डब्यात नेल्यास मोजण्यासारखे फारसे उरत नाही.

बोट मेट इंदवली या उठून गेलेल्या गावाच्या जागेजवळ लावतात. बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत जीवरक्षक जाकीट अंगात असावे, केवळ मांडीवर नव्हे. वनचौकीपासून पुढे ओढ्याजवळ मारुतीचे ठाणे लागते आणि तेथून खरे जंगल सुरू होते. पाण्याच्या बाटल्या येथपर्यंतच भरून घ्याव्यात. प्रत्येकी तीन लिटर पाणी हवे, माथ्यावरच्या टाक्यावर विसंबू नये. पहिला टप्पा सौम्य आहे, त्यानंतर वाट सलग चढत जाते. झाडी इतकी दाट आहे की, दुपारीही उन्हाचा त्रास फारसा होत नाही, पण वारा अडल्यामुळे घाम खूप येतो आणि तहान उशिरा जाणवते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट प्यावेत. वाटेत नागेश्वरकडे जाणारा फाटा फुटतो. नागेश्वरची गुहा आणि वासोटा एका दिवसात करणारे लोक आहेत, परंतु पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वरचा हिशेब आठवून फक्त वासोटाच करावा. शेवटच्या टप्प्यात झाडी संपून कारवी आणि गवत लागते, मग पायऱ्या आणि पडके दरवाजे येतात.

माथ्यावर बिनछपराचे मारुतीचे मंदिर, वाड्याचे अवशेष, पाण्याचे टाके, महादेवाचे मंदिर आणि चुन्याचा घाणा आहे. सर्वाधिक वेळ बाबू कड्यासाठी राखून ठेवावा. समोर जुना वासोटा म्हणून ओळखला जाणारा डोंगर, मध्ये खोल दरी आणि पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे, असे दृश्य दिसते. तेथे बसूनच पाहावे, कडेला उभे राहून छायाचित्र काढू नये, कारण सुकलेले गवत बुटाखालून सरकते. हा किल्ला पूर्वी कैदखाना म्हणून का वापरला गेला, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पंतप्रतिनिधींच्या बाजूने लढणाऱ्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेला येथूनच झुंज दिली आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, तेव्हा त्यांचे दोन अधिकारी येथेच कैदेत होते. एक वाजेपर्यंत माथा गाठता आला नाही, तरी तीनची वेळ पुढे ढकलू नये. माथ्यावरचा मुक्काम कमी करावा. दोनपर्यंतही पोहोचण्याची चिन्हे नसतील, तर असू तेथून परतावे.

जंगलात गवा, अस्वल, सांबर, भेकर, बिबट्या आणि शेकरू आहेत. गटाने एकत्र चालावे, सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवावा आणि बोलणे हळू आवाजात असावे. गवा वाटेवर दिसला, तर थांबून त्याला जाऊ द्यावे. टाळ्या वाजवून त्याला हुसकावण्याचा प्रयत्न करू नये. कड्यांवर आग्या मोहोळ असते, म्हणून अत्तर आणि सुगंधी फवारे त्या दिवशी टाळावेत आणि धूर तर मुळीच करू नये. गावातील वाटाड्या बरोबर घेणे मी अत्यावश्यक मानतो, कारण वाट रुळलेली असली, तरी जनावराचा ताजा माग आणि जुना माग यांतील फरक त्यालाच कळतो.

सोमवारी कयाकसाठी सकाळी लवकर पाण्यावर उतरावे. दिवस चढेल तसा मोकळ्या पात्रावर वारा वाढतो आणि लांब पसरलेल्या जलाशयात त्या वाऱ्याने चांगल्याच लाटा उठतात. शांत पाण्यावर पंधरा मिनिटांत जेवढे अंतर कापले, तेवढ्याच अंतराला परतताना वारा तोंडावर आला, तर दुप्पट वेळ लागू शकतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि परतताना त्याची साथ घ्यावी. तापोळा आणि बामणोली परिसरात जे व्यावसायिक कयाक देतात, त्यांच्याकडे तीन गोष्टी पाहाव्यात : मापाचे जाकीट मिळते का, प्रशिक्षक स्वतः पाण्यात बरोबर येतो का, आणि गरज पडल्यास मदतीला इंजिनाची बोट आहे का. यांतील एका प्रश्नालाही गोलमाल उत्तर आले, तर कयाकिंग सोडून द्यावे आणि बामणोलीहून बोटीने कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचा संगम पाहून यावे.

जाकीट घातल्यावर कोणालातरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. ते कानांपर्यंत सरकत असेल, तर पट्टे आवळावेत किंवा लहान मापाचे घ्यावे. नवख्यांनी वरून उघडी असलेली रुंद कयाक घ्यावी, कारण ती उलटली तरी माणूस आत अडकत नाही. काठावर बसूनच वल्हे हातात घेऊन पाहावे : दोन्ही हात खांद्यांपेक्षा किंचित रुंद ठेवावेत, पाते पायांजवळ पाण्यात घालावे, कमरेपाशी बाहेर काढावे, आणि ओढ दंडातून न काढता कंबर वळवून काढावी. एवढे साधले नाही, तर अर्ध्या तासात दंड भरून येतात. दोघांच्या कयाकमध्ये मागचा माणूस पुढच्याच्या लयीत वल्हवतो आणि वळण सांभाळतो. खोल पाण्यात जाण्यापूर्वी प्रशिक्षकासमोर काठाजवळ एकदा मुद्दाम पाण्यात पडून परत चढून पाहावे. उलटल्यावर कयाक आणि वल्हे सोडू नये, कयाक पालथी असली तरी तरंगते आणि दुरून दिसते. एकट्या डोक्यापेक्षा ती शोधणे कितीतरी सोपे असते. अभयारण्याच्या काठावर कयाक लावून उतरू नये, कारण तेथे पाऊल ठेवण्यासाठी परवानगी लागते. चष्म्याला दोरी, मोबाइलला जलरोधक पिशवी, डोक्याला टोपी आणि अंगात लवकर सुकणारे पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. जीन्स घालून पाण्यावर येणाऱ्यांना परत पाठवणारा प्रशिक्षक चांगला समजावा.

तयारी दोन महिने आधी आपल्याच परिसरात करता येते. ठाणेकरांनी येऊरच्या चढावर आणि नवी मुंबईकरांनी खारघरच्या डोंगररस्त्यावर आठवड्यातून दोनदा पाठीवर पाच किलो वजन घेऊन चालावे, आणि निघण्यापूर्वी एकदा कर्नाळा किल्ला करावा. त्याचा झाडीतील दमट चढ वासोट्याच्या जवळ जाणारा आहे. ज्यांना पोहता येत नाही, त्यांनाही कयाक चालवता येते, परंतु किमान तोंड पाण्यात घालून न घाबरता श्वास सोडण्याचा सराव जवळच्या तरणतलावात करून यावे. नवे बूट या सहलीला आणू नयेत.

सोमवारी अकरापर्यंत पाण्याबाहेर येऊन, कपडे बदलून आणि जेवून एकच्या सुमारास साताऱ्याकडे निघावे. बुटांच्या तळव्यांत अडकलेले बी आणि चिखल तेथेच काठावर झाडावा. पुणे शहराच्या बाह्यवळणावर संध्याकाळी होणारी कोंडी टाळायची असल्यास साताऱ्यात थांबू नये. थांबायचेच असेल, तर रात्री आठनंतर पुढे निघावे, आणि एसटीने परतणाऱ्यांनी साताऱ्याहून ठाण्याच्या गाडीचे आरक्षण जातानाच करून ठेवावे.