पहिलं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल: दुकानात जाण्याआधी आणि गेल्यावर

मला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ग्लॉक घेऊ की सिग?" दोन्ही पिस्तुलांच्या कंपन्या. मी उलट विचारते, "ग्रीन कार्ड आलंय का?" समोरच्याला वाटतं, बाई विषय टाळतायत. टाळत नाही. इथे डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्को भागात आपली मंडळी भरपूर, टेक्सासमध्ये बंदुका घरोघर, आणि ऑफिसातला सहकारी शनिवारी सहज म्हणतो, "चल रेंजवर," म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी. तिथेच घोळ होतो.

एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिशावर असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. थोडे अपवाद आहेत. त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. आणि 'बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे, रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात धरणंसुद्धा त्यात येतं. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याचं विद्यापीठ सुटलं, त्यामुळे व्हिशाचा दर्जा गेला, आणि नंतर तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. दीड वर्षाची शिक्षा झाली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली, तीही आपला दर्जा गेला आहे हे त्याला माहीत होतं असं सरकारने सिद्ध करायला हवं होतं, या मुद्द्यावर. एवढ्या वरपर्यंत जायची आपली तयारी नसते. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व हातात येईपर्यंत या लेखाचा उपयोग वाचण्यापुरता. घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसरा एच-१बीवर असेल, तर आधी वकिलाला विचारा. तिजोरीचा आकडा दोघांना माहीत असणंही अडचणीचं ठरू शकतं.

पात्र असाल तर खरेदी तशी सरळ आहे. परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ लागतं आणि ती साधारणपणे स्वतःच्याच राज्यात मिळते. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड जवळ ठेवावं, त्यावरचा नंबर लिहावा लागतो. मग दुकानदार एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेकडून तपासणी करतो. १९९८ पासून ही पद्धत आहे, आणि बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत येतं. फॉर्मवर दोन प्रश्न नीट वाचा. एक, खरा खरेदीदार तुम्हीच आहात ना? मित्राचे पैसे घेऊन मित्रासाठी पिस्तूल उचलणं हा गुन्हा आहे, "त्याला वेळ नव्हता" हे कारण चालत नाही. दुसरा गांजाचा, तुमच्या राज्यात तो दुकानात मिळत असला तरी हा फॉर्म संघराज्याचा आहे.

न्यू जर्सीतल्या वाचकांनी लक्षात ठेवावं, तिकडे प्रत्येक हँडगनला वेगळी परवानगी लागते आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, दहाच काडतुसं चालतात. कॅलिफोर्नियात दुकानांना राज्याच्या यादीतलीच मॉडेल्स विकता येतात. मी लिहिते ते टेक्सासमध्ये बसून.

आता पिस्तुलाकडे वळू. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एक गोळी. सुटताना तीच गोळी स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, मागे ढकलते, रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये चढतं. या रचनेतून एक धोका जन्मतो आणि नवख्याला तो दिसत नाही: मॅगझिन काढलं तरी पिस्तूल रिकामं होत नाही. एक काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असतं. म्हणून रिकामं करायचा क्रम पाठ हवा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर तुम्ही स्वतःच्या हाताने नवं काडतूस चढवून ठेवलंत. दुकानदार पिस्तूल दाखवताना हे आपणहून करतो. तो करत नसेल तर दुकान बदला. तुमच्या हातात आल्यावर तुम्हीही करा. कोणी हसणार नाही.

काउंटरवर उभं राहिल्यावर मी सर्वात जास्त वेळ हातावर घालवते. साताऱ्याला कॉलेजात एनसीसीची पॉइंट टू-टू रायफल चालवली होती, तेव्हा हाताचं माप कधी आड आलं नाही. पिस्तुलात सगळा कारभार हाताचा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा मुठीच्या मागे शक्य तितकी वर बसवा. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला पाहिजे. आता तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी चापाच्या मध्यावर सहज पोचते का बघा. त्यासाठी मनगट वळवावं लागत असेल, तर पिस्तूल तुमच्या हाताला मोठं आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर लहान. बऱ्याच पिस्तुलांबरोबर मुठीच्या मागे लावायचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे येतात, ते बदलून बघायला मागा. हे माप जमलं नाही तर नेम एका बाजूला जात राहतो आणि माणूस उगाच साइटला (नेम धरायच्या खुणेला) दोष देतो.

मग स्लाइड. महिलांच्या बाबतीत दुकानदार इथे हमखास एक वाक्य टाकतात: "मॅडम, तुम्हाला स्लाइड जड जाईल, रिव्हॉल्वर घ्या." हे मला पटत नाही. दुहेरी क्रियेच्या, म्हणजे एकाच ओढीत घोडा (हॅमर) मागे नेऊन सोडणाऱ्या, रिव्हॉल्वरचा चाप इतका जड असतो की नवख्याचा नेम तिथेच हलतो. स्लाइड ओढणं हा बळापेक्षा पद्धतीचा भाग आहे. पिस्तूल छातीजवळ घ्या, कोपर बरगडीला टेकवा. डावा तळहात स्लाइडच्या मागच्या भागावर वरून घट्ट ठेवा. चिमटीत धरू नका. आता डावा हात मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने मूठ जोरात पुढे ढकला आणि शेवटी स्लाइड सोडून द्या, हाताने धरून पुढे नेऊ नका. असं करताना नळी डावीकडे, म्हणजे शेजारच्या लेनवर वळते, आणि रेंजवरचे ओरडतात ते यासाठीच. उपाय साधा: अख्खं शरीर उजवीकडे वळवून उभं राहा, म्हणजे नळी लक्ष्याकडेच राहते. बोट चापाबाहेर, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. आणि बांगड्या काढून ठेवा.

एवढं करूनही जड वाटत असेल तर मॉडेल बदला. स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी हलक्या स्लाइडसाठीच काढली आहे. वॉल्थरच्या पीडीपी एफ मालिकेत स्लाइडचा जोर आणि चापापर्यंतचं अंतर दोन्ही कमी आहे. बेरेटा ९२ सारख्या, मागे घोडा दिसणाऱ्या पिस्तुलात आधी अंगठ्याने घोडा मागे घ्या, स्लाइड बरीच सोपी जाते. ही युक्ती दुकानात फारसं कोणी सांगत नाही.

दुसरी दिशाभूल आकाराची. "बाईमाणसाला लहान बरं", "पर्समध्ये मावेल", म्हणून इवलंसं पिस्तूल पुढे केलं जातं. गोळी तीच ९ एमएमची, पण पिस्तूल हलकं आणि मूठ आखूड, त्यामुळे धक्का सगळा हाताला. शिवाय लहान स्लाइडमागची स्प्रिंग सहसा अधिक ताठ. सिग पी३६५ हे २०१८ साली आलेलं पिस्तूल अंगावर वागवायला उत्तम, त्यात वाद नाही. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पण शिकायला नको. रिकाम्या मॅगझिनसकट साधारण ६७० ग्रॅम भरणारं ग्लॉक १९ त्याच काडतुसाला पुष्कळ सुसह्य करतं. नवख्याला एकदा धक्क्याची धास्ती बसली की गोळी सुटण्याआधीच डोळे मिटतात, मनगट खाली जातं, आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो. खिशातलं पिस्तूल दुसरं घ्या. टेक्सासमध्ये २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन अंगावर बाळगता येते. म्हणून पहिल्याच महिन्यात बाळगायलाच हवी असं नाही.

गोळीच्या मापावर लोक रात्र रात्र भांडतात, मी दोन वाक्यांत उरकते. शिकायला .२२ एलआर (हे लहान, हलकं काडतूस), नाहीतर ९ एमएम. .३८० नाजूक हातासाठी सुचवतात, पण तिची काडतुसं सहसा ९ एमएमपेक्षा महाग पडतात, आणि .४५ पहिल्यासाठी नको.

माझं मत विचाराल तर पहिलं पिस्तूल .२२ असावं. रुगर मार्क ४ जड, स्थिर आणि अचूक. मागचं एक बटण दाबलं की साफ करायला उघडतं. टॉरस टीएक्स२२ दिसायला आणि हाताळायला मोठ्या पिस्तुलासारखं, म्हणून पुढे ९ एमएमवर जाणं सोपं. काडतूस स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळपास नाही, त्यामुळे तासभर मनासारखा सराव होतो. तोटा असा की .२२ काडतुसं मळकट आणि अधूनमधून एखादं फुसकं निघतं. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून थोडं थांबायचं आणि मग रिकामं करायचं. घरी रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून सराव करणार असाल तर आधी मॅन्युअल बघा, काही .२२ मॉडेल्सना ते मानवत नाही.

एकच घ्यायचं आणि ते ९ एमएमच, असं ठरलं असेल तर ग्लॉक १९ किंवा स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी २.०, मध्यम आकाराचं. त्यात ग्लॉकला बाहेरून दाबायचं सेफ्टी बटण नसतं, एम अँड पी दोन्ही प्रकारांत मिळतं. बटण हवं की नको हा स्वभावाचा प्रश्न आहे. हवं असेल तर प्रत्येक सरावात ते वापरावं लागेल, नाहीतर नेमक्या वेळी अंगठा विसरतो. १९११ हे जॉन ब्राउनिंगचं शंभरी ओलांडलेलं पिस्तूल फार देखणं, चापही सुरेख, पण त्याची देखभाल आणि सेफ्टी समजायला अनुभव हवा.

काउंटरवर आवडलं तरी लगेच कार्ड काढू नका. बऱ्याच रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. एकट्याने गेलात आणि स्वतःचं पिस्तूल नसेल तर काही ठिकाणी भाड्याने देत नाहीत. आत्महत्या टाळण्यासाठी तो नियम असतो, राग मानू नका, सोबत घेऊन जा. पहिली मॅगझिन भरताना तिच्यात एकच काडतूस घाला, म्हणजे झाडून झाल्यावर पिस्तूल रिकामं. मग दोन, मग पाच. लक्ष्य पाच यार्डांवर ठेवा. सोबत्याला सांगून मधेच प्लॅस्टिकचं खोटं काडतूस मिसळायला लावा. ते आल्यावर नळी खाली डुचकली तर तुम्ही धक्क्याला घाबरताय, आणि आणखी हलक्या गोळीकडे जायला हवं.

कपड्यांचं कोणी सांगत नाही. तापलेलं टरफल उडून गळ्यातून आत गेलं की माणूस नाचतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल असतं. बंद गळ्याचा टीशर्ट, टोपी, बंद बूट. खोल गळ्याचा कुर्ता आणि ओढणी घरी. बंदिस्त रेंजवर कानात बोळे आणि वरून इअरमफ असं दुहेरी घाला. तिथल्या हवेत शिसं असतं. बाहेर आल्यावर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नका, आणि गरोदर बाईने तिथे जाऊच नये.

पैशांचं गणित: चांगलं नवं ९ एमएम साधारण पाचशे-सहाशे डॉलरला येतं. तेवढेच हाताशी असतील तर थांबा. प्रशिक्षणाचा वर्ग, काडतुसं, कानाचं संरक्षण आणि भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेली तिजोरी, हे सगळं मिळून खरी किंमत होते. वापरलेलं पिस्तूल घ्यायला हरकत नाही. पोलीस खात्यांनी बदलून दिलेली ग्लॉक दुकानांत मिळतात, बाहेरून घासलेली पण आतून ठणठणीत.

तिजोरी पिस्तुलाच्या आधी घरी यावी. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं हा मोठ्यांचा गुन्हा आहे, आणि "आमची मुलं हात लावत नाहीत" हे प्रत्येक घर म्हणतं. घरात कोणी नैराश्यातून जात असेल, मग ते तुम्ही स्वतः का असेना, तर पिस्तूल आत्ता आणू नका. रेंजवर भाड्याने चालवा. इथे मी कोणाशी वाद घालत नाही.

शेवटचं भारतात जाणाऱ्यांसाठी. ९ एमएम हा तिकडे निषिद्ध बोअर, म्हणजे मनाई असलेलं नळीचं माप आहे, तेव्हा "बाबांना दाखवायला नेऊ का" हा प्रश्नच निकालात. पण पिस्तूल न नेताही लोक अडकतात: रेंजवर नेलेल्या पाठपिशवीच्या तळाशी, अस्तराच्या फटीत, एखादं जिवंत काडतूस राहतं, आणि परतीच्या प्रवासात मुंबई विमानतळाच्या एक्स-रेमध्ये ते दिसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो आणि विमान निघून जातं. रेंजची पिशवी वेगळी ठेवा, तिच्यावर मार्करने मोठ्ठं लिहा, आणि ती कधीही प्रवासाला नेऊ नका.