निवृत्त सैन्याधिकाऱ्याच्या सेवानोंदीतून राहून गेलेले पदक नोंदवून घेताना

निवृत्त अधिकाऱ्याला मिळालेले एखादे पदक त्यांच्या सेवानोंदीत नाही, ही गोष्ट सहसा फार उशिरा लक्षात येते. निवृत्तिवेतनाच्या आदेशात, म्हणजे पीपीओत, काही दुरुस्ती करताना, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज भरताना, किंवा वडील गेल्यानंतर आईच्या कौटुंबिक निवृत्तिवेतनाची कागदपत्रे जुळवताना असे दिसून येते की घराच्या भिंतीवर मानपत्र आहे, कपाटात पदक आहे, पण दिल्लीतील नोंदीत त्याचा उल्लेख नाही. मग जो पहिला अर्ज लिहिला जातो त्यात पराक्रमाचे वर्णन दोन पाने आणि पुराव्याचा उल्लेख दोन ओळी असतो. हा अर्ज वाचणाऱ्या कार्यालयाला वाटते की नवे पदक मागितले जात आहे, आणि तो नाकारला जातो. आपली मागणी मुळात वेगळी आहे. सक्षम अधिकाऱ्याने पूर्वीच दिलेला सन्मान एका कागदावर आहे, तो दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायचा आहे, एवढेच तिचे स्वरूप आहे आणि अर्जातील प्रत्येक वाक्याने तेच सांगितले पाहिजे.

म्हणून प्रथम हे ठरवावे की पदक खरोखर मंजूर झाले होते का. शिफारस झाली होती, कमांडिंग ऑफिसरांनी नाव पाठवले होते, पण पुढे काही झाले नाही, अशी स्थिती असेल तर तो नोंददुरुस्तीचा विषय नाही. अनेक वर्षांनी नव्याने शिफारस विचारात घेतली जाण्याची आशा फारच थोडी असते, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

पदक मंजूर झालेले असेल, तर ते कोणत्या प्रकारचे आहे यावर पुराव्याचे स्वरूप अवलंबून असते. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र ही शौर्यपदके, सेना पदक, नौसेना पदक व वायुसेना पदक, तसेच परम विशिष्ट, अति विशिष्ट व विशिष्ट सेवा पदक हे सारे सन्मान राष्ट्रपतींच्या नावाने जाहीर होतात आणि भारताच्या राजपत्रात छापले जातात. राजपत्रातील ती एक ओळ हाती असली की बाकी सगळा पुरावा दुय्यम ठरतो. याउलट ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’, संग्राम पदक, समर सेवा स्टार, सियाचीन ग्लेशियर पदक, ऑपरेशन विजय स्टार यांसारखी मोहिमेची व सेवेची पदके व्यक्तीच्या नावाने राजपत्रात येत नाहीत. ठरावीक काळात ठरावीक प्रदेशात विहित मुदत सेवा केली, तर ती पात्रतेने मिळतात. तिथे अधिकारी त्या वेळी कुठे तैनात होता हेच सिद्ध करावे लागते. लष्करप्रमुखांचे किंवा आर्मी कमांडरांचे प्रशंसापत्र हा तिसरा प्रकार आहे. ते ज्या मुख्यालयाने दिले त्या मुख्यालयाचे पत्र हाच त्याचा पुरावा.

राजपत्र शोधताना एक गोष्ट विसरू नये. अशोक चक्राची मालिका ४ जानेवारी १९५२ रोजी स्थापन झाली तेव्हा तिच्या तीन श्रेणी होत्या, आणि जानेवारी १९६७ मध्ये दुसऱ्या श्रेणीला कीर्ती चक्र व तिसऱ्या श्रेणीला शौर्य चक्र हे नाव मिळाले. विशिष्ट सेवा पदकाच्या तीन श्रेणींचेही त्याच वर्षी नामांतर झाले. त्यामुळे १९६४ सालच्या मानपत्रावर ‘अशोक चक्र, श्रेणी ३’ असे लिहिलेले असेल, तर ते आजचे शौर्य चक्र होय. अर्जात दोन्ही नावे लिहावीत. एका नावाने शोध घेणाऱ्या कारकुनाला दुसऱ्या नावाची नोंद सापडत नाही, आणि ‘अभिलेखात आढळ नाही’ असे उत्तर येते.

बहुतेक सन्मान प्रजासत्ताक दिनी किंवा स्वातंत्र्य दिनी जाहीर होतात, म्हणून त्या तारखांच्या व त्यापुढील काही महिन्यांच्या राजपत्रांत शोध घ्यावा. राष्ट्रपती सचिवालयाच्या या अधिसूचना राजपत्राच्या भाग १, खंड १ मध्ये असतात. जुने अंक राजपत्राच्या अधिकृत संकेतस्थळावर आणि मोठ्या ग्रंथालयांत पाहता येतात, तर संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर विजेत्यांची नावे व मानपत्रे आहेत. अधिसूचनेचा क्रमांक, दिनांक, पान, अधिकाऱ्याचा त्या वेळचा हुद्दा, त्यांचा क्रमांक आणि पलटण हे सगळे जसेच्या तसे उतरवून घ्यावे. शौर्यकृत्याची तारीख दिली असेल तर तीही घ्यावी, कारण ती जाहीर होण्याच्या तारखेहून वेगळी असते.

नोंद नेमकी का राहिली, हे शोधण्यात दिलेला वेळ वाया जात नाही. सर्वांत अधिक गोंधळ क्रमांकामुळे होतो. १९६२ नंतर आणीबाणीच्या कमिशनवर घेतलेल्या अधिकाऱ्यांचे क्रमांक ‘ईसी’ने सुरू होत, अल्पमुदतीच्या कमिशनवरील अधिकाऱ्यांचे ‘एसएस’ने होतात, आणि कायम कमिशन मिळाल्यावर क्रमांक बदलून ‘आयसी’ होतो. पदक जुन्या क्रमांकावर जाहीर झाले आणि नोंद नव्या क्रमांकावर चालू झाली, तर मधला दुवा तुटतो. शिपाई किंवा जेसीओ (सुभेदार, नायब सुभेदार असे कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकारी) असताना पदक मिळाले आणि नंतर कमिशन मिळाले, तर मूळ नोंद रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहून जाऊ शकते. आपल्याकडच्या नावांची स्थिती आणखी वेगळी आहे: एका कागदावर नाव, वडिलांचे नाव व आडनाव, दुसऱ्यावर केवळ आद्याक्षरे, तिसऱ्यावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे. असे असेल तर जुने व नवे क्रमांक, नावाची सर्व रूपे आणि ती एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जाला आवर्जून जोडावे.

अर्ज कोठे करायचा, याबाबत महाराष्ट्रात एक चूक वारंवार होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीत सेवा झाली म्हणून घरचे लोक बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला लिहितात. जवान व जेसीओ यांच्या नोंदी तेथे असतात हे खरे, पण लष्करी अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीतील सेना मुख्यालयात, ॲडज्युटंट जनरल शाखेच्या मनुष्यबळ संचालनालयात ठेवल्या जातात. नौदल व हवाई दलाच्या अधिकाऱ्यांसाठी त्या त्या मुख्यालयाच्या अधिकारीविषयक विभागाला लिहावे लागते. बेळगावला लिहिणे मात्र अगदी निरुपयोगी नाही, कारण रेजिमेंटकडे सन्मानांची यादी व इतिहास जपलेला असतो आणि त्यातील प्रमाणित उतारा चांगले जोडपत्र ठरतो.

अर्जापूर्वी स्वतःच्या सेवानोंदीचा उतारा मागवावा, म्हणजे आज तेथे काय आहे हे नेमके कळते. साध्या पत्राला उत्तर न आल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे, आणि उत्तर असमाधानकारक असल्यास त्यापुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. हा अर्ज अधिकाऱ्यांनी स्वतःच्या नावाने केलेला उत्तम, कारण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती मागितली असे म्हणून तो नाकारता येत नाही. माहिती अधिकाराने नोंद दुरुस्त होत नाही, फक्त असलेला कागद हाती येतो. पण तो कागदच पुढच्या अर्जाचा पाया असतो. ‘पदकाची नोंद का नाही?’ असे विचारू नये. ‘सन्मान व पदके या रकान्यातील नोंदींची आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रत द्यावी’ असे लिहावे. पार्ट टू ऑर्डर म्हणजे सेवेतील घटना व बदल नोंदीवर घेणारा अधिकृत आदेश.

मोहिमेच्या पदकांसाठी नेमणुकीचे आदेश, पलटणीची पार्ट टू ऑर्डर, त्या काळातील रजेचे व रुग्णालयाचे कागद, सोबतच्या अधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे असा पुरावा जुळवावा लागतो. पलटण कोणत्या दिवशी कुठे होती हे तिच्या युद्धदैनंदिनीत असते. संरक्षण मंत्रालयाच्या जून २०२१ च्या धोरणानुसार अशा नोंदी साधारणतः २५ वर्षांनी गोपनीयतेतून मुक्त करायच्या आहेत. सैन्य सेवा पदकाच्या बाबतीत अनेकदा पदक नोंदलेले असते, पण जम्मू-काश्मीर किंवा हिमालय अशी प्रदेशाची पट्टी राहिलेली असते. ही उणीवही दुरुस्त होते, म्हणून उताऱ्यात तीही तपासावी. घरातील पदक पाहताना त्याची कड भिंगाखाली वाचावी. सरकारने दिलेल्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा व नाव असते. छावणीजवळच्या दुकानातून घेतलेल्या प्रतिकृतीला पुरावा म्हणून मूल्य नाही.

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत, शक्यतो एकाच पानाचा असावा. त्याचा आशय असा ठेवावा: ‘माझ्या सेवानोंदीच्या अमुक दिनांकाच्या उताऱ्यात अमुक पदकाची नोंद नाही. हे पदक राष्ट्रपती सचिवालयाच्या अमुक क्रमांकाच्या अधिसूचनेने मला, त्या वेळच्या अमुक क्रमांकावर व हुद्द्यावर, प्रदान झाले. अधिसूचनेची प्रत सोबत आहे. ही नोंद करून पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करावी व तिची प्रत मला आणि लेखा कार्यालयाला पाठवावी.’ मूळ मानपत्र कधीही पाठवू नये. स्वप्रमाणित प्रती क्रमांक घालून जोडाव्यात आणि अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. अधिकारी हयात नसतील तर पत्नीने अथवा मुलांनी मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत आणि नात्याचा पुरावा जोडावा.

मुख्यालयाने नोंद केली की काम संपले, असे समजू नये. लष्करी अधिकाऱ्यांचे वेतनलेखे पुण्याच्या प्रधान नियंत्रक, संरक्षण लेखा (अधिकारी) कार्यालयात असतात, तर निवृत्तिवेतन संरक्षण लेखा विभागाच्या प्रयागराज येथील कार्यालयाकडून मंजूर होते आणि आता बहुतेकांचे ‘स्पर्श’ या ऑनलाइन निवृत्तिवेतन प्रणालीतून मिळते. शौर्यपदकाला मासिक भत्ता असल्यामुळे हा टप्पा महत्त्वाचा आहे. १ ऑगस्ट २०१७ पासून तो परमवीर चक्रासाठी २०,००० रुपये, महावीर चक्रासाठी १०,०००, वीर चक्रासाठी ७,०००, शौर्य चक्रासाठी ६,००० आणि शौर्यासाठीच्या सेना पदकासाठी २,००० रुपये असा ठरला. सेना पदक विशिष्ट सेवेसाठीही दिले जाते व त्याला हा भत्ता नाही, म्हणून नोंदीत ‘शौर्य’ हा शब्द आला आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. भत्ता अधिकाऱ्यांच्या पश्चात पत्नीलाही मिळतो. दुरुस्त नोंदीच्या आधारे पीपीओचे शुद्धिपत्र मागावे आणि थकबाकीची मागणी त्याच पत्रात स्वतंत्र परिच्छेदात करावी.

नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम, २००७ चा मार्ग आहे. निवृत्त अधिकारी, त्यांच्यावर अवलंबून असलेले आणि वारस यांना सेवाविषयक बाबींसाठी तो लागू होतो, आणि न्यायाधिकरणाचे मुंबईत खंडपीठ आहे. आधी रीतसर निवेदन केलेले असणे आवश्यक असते. त्यावर सहा महिन्यांत निर्णय न झाल्यास हा उपाय संपला असे मानले जाते. अंतिम नकार मिळाला असेल तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज दाखल करावा, आणि सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. नकाराच्या पत्रावरची तारीख आणि ते घरी पोहोचल्याची तारीख, दोन्ही त्याच दिवशी लिफाफ्यावर लिहून तो लिफाफा फाइलमध्ये लावून ठेवावा.