मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर समाजकार्य: सुरुवात आठवड्याला दोन तासांनी

"तुम्हाला जमेल तेवढं करा" असं म्हणणाऱ्या संस्थेकडे बहुधा तुमच्यासाठी काम तयार नसतं. मग व्हीलचेअर व्यासपीठावर नेतात, फोटो निघतात आणि विषय संपतो. म्हणून आधी एवढंच विचारा: मी आलो नाही तर काय अडेल? 'गुरुवारचे फोन राहतील', 'दहा मुलांच्या गणिताच्या वह्या तपासायच्या राहतील' असं नेमकं उत्तर आलं तर ते काम धरा. दुखापतीनंतर दिवसभर दुसरेच आपलं करत असतात. आपल्यावाचून कुणाचं तरी खोळंबतंय, हा अनुभव त्या काळात येतच नाही, आणि हवा असतो तो तोच.

रिहॅबमधून (पुनर्वसन केंद्रातून) घरी आल्या आल्या मात्र नको. लघवी-शौचाचं वेळापत्रक बसलेलं हवं आणि दोन तास खुर्चीत बसूनही त्वचेवर खूण राहत नाही याची खात्री हवी. खुर्चीतून उतरल्यावर बैठकीची हाडं, माकडहाड आणि टाचा आरशात पाहा, नाहीतर घरच्यांना पाहायला सांगा. लाल जागा बोटाने दाबून सोडा. क्षणभर फिकी पडली तर ती थोड्या वेळात जाते का बघा. दाबूनही फिकी पडत नसेल तर त्या जागेवर भार बंद. सावळ्या त्वचेवर लाली कळत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गडद, गरम किंवा कडक लागतंय का ते बघायचं. उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात सहा-सहा तास बसणारे बेडसोर (दाबामुळे त्वचेला पडणाऱ्या जखमा) करून घेतात आणि कित्येक आठवडे पालथे पडून राहतात. काम बहुतेकदा सुटतं ते असं. इच्छा संपून नव्हे.

कामावर असताना मोबाइलवर दर २० मिनिटांचा गजर लावा आणि बैठकीवरचा भार उतरवायला दोन मिनिटं पुढे किंवा बाजूला झुका. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, साधारण ४ ते ६ तासांनी घालावा लागतो, तेव्हा कामाची वेळ दोन कॅथेटरच्या मधे बसवा. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल, तर सोबतच्या एकाला तरी शिकवून ठेवा: अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला की ताठ बसवायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, मूत्राशय भरलंय का किंवा नळी मुडपलीय का बघायचं. तरी उतरलं नाही तर लगेच हॉस्पिटल. रक्तदाब धोकादायक चढलेला असतो. बैठक संपेपर्यंत थांबायचं नाही.

बोटं चालत नसतील तर व्हॉइस टायपिंगवर पत्रं होतात. नावं आणि आकडे मात्र ते हमखास चुकवतं, म्हणून देणगीची पावती दुसऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय पाठवू नका. देणगी स्वतःच्या खात्यात कधीच घेऊ नका.

नव्याने जखमी झालेल्यांशी बोलणं हे सगळ्यांत मोलाचं काम, आणि बिघडवायलाही सगळ्यांत सोपं. फोन अर्ध्या तासाचा ठेवा. आपली कहाणी सांगत बसण्यापेक्षा "आज काय विचारायचंय?" असं म्हणा. प्रश्न येतात ते लघवीचे, रात्री कूस बदलण्याचे, शरीरसंबंधांचे. "मी पुन्हा चालेन का?" याला हो किंवा नाही, दोन्ही म्हणू नका. एकाच मणक्याची दुखापत एकाची पूर्ण असते (खाली हालचाल-जाणीव उरत नाही), दुसऱ्याची अपूर्ण (थोडी उरते), आणि ते तपासणीशिवाय कळत नाही. तो प्रश्न डॉक्टरांकडे पाठवा आणि उद्या सकाळी पलंगावरून खुर्चीत कसं यायचं ते बोला. जगावंसं वाटत नाही असं कुणी म्हणालं तर फोन ठेवू नका आणि ते गुपितही ठेवू नका. संस्थेत कुणाला कळवायचं ते नाव आधीच ठरलेलं हवं. असे फोन आठवड्याला दोन पुरेत.

जागेवर जायचं असेल तर मापाची टेप लावून काढलेले फोटो मागवा. "आमच्याकडे सगळं सोयीचं आहे" याचा अर्थ अनेकदा 'दारात दोनच पायऱ्या आहेत' असा निघतो. दार किमान ८० सेंटिमीटर, खुर्ची वळायला १५० सेंटिमीटर, रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. संडासाचा फोटो सर्वांत आधी बघा.

आणि तुम्ही आठवडाभर पडून राहिलात तर हे काम कोण करेल, किंवा त्यातलं किती पलंगावरून होईल, हे पहिल्याच दिवशी संस्थेशी ठरवून घ्या.