जिवंत लेखकावर सेमिनार द्यायचाय? मग आधी गाव काढा

एमए इंग्लिशच्या सेमिनारचा सीझन आलाय आणि रोज दोन-तीन पोरं विचारायलेत, सर, आजकालचा अमेरिकन लेखक घ्यायचाय, कसं करू. मी उदगीरला तासिकेवर शिकवतो, दरवर्षी तीस-चाळीस पीपीटी बघतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्या एकाच छापाच्या. पहिल्या स्लाइडवर फोटो, दुसरीवर जन्म-शिक्षण, तिसरीवर पुरस्कारांची यादी, चौथीवर थँक्यू. मागच्या बाकावरचे तोवर मोबाइलमधी गेलेले असतात. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

उदाहरणाला जेस्मिन वॉर्ड ही कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकार घेऊ, कारण आपल्या खेड्यातनं आलेल्या पोरांना ती लवकर उमगते.

पहिलं काम म्हणजे कोऱ्या कागदावर गाव काढायचं. जन्म १९७७, कॅलिफोर्नियातला, पण तीन वर्षांची असताना घरचे मिसिसिपीतल्या डेलीलला परतले, समुद्रकाठचं छोटं गाव, नातेवाईक सगळे आसपास. आई एका गोऱ्या कुटुंबाकडं घरकाम करायची आणि त्याच मालकानं हिची खाजगी शाळेची फी भरली. इथं जरा थांबा राव, एका वाक्यात उडवू नका. आई ज्यांच्याकडं राबते त्यांच्याच पैशावर पोरगी शिकायली, याचं ओझं काय असंल हे आपल्या वर्गात समजावून सांगायची गरजच पडत नाही. पुढं स्टॅनफर्ड, मग मिशिगनला लेखनाची एमएफए २००५ साली, हे दोन ओळीत उरका. तिच्या बहुतेक कादंबऱ्या ब्वा सोवाज नावाच्या गावात घडतात, ते नकाशावर सापडत नाही, डेलीलवरनंच रचलेलंय. कागदावर दोन्ही गावं शेजारी शेजारी काढा, एक खरं, एक रचलेलं. मधी एक ठळक रेघ मारा.

रेघ का, ते सांगतो. दोन वर्षांमागं एका पोरीनं सेमिनारमधी ठणकावून सांगितलं की लेखिका पंधराव्या वर्षी गरोदर होती आणि त्यातच वादळ आलं. मी पण मान डोलावली, नंतर घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पंधरा वर्षांची गरोदर पोरगी म्हणजे एश, 'सॅल्वेज द बोन्स' कादंबरीतली. ते वादळ म्हणजे कॅटरिना, खरोखरचं, आलं २९ ऑगस्ट २००५ ला, तेव्हा वॉर्ड अठ्ठावीस वर्षांची, नुकतीच एमएफए झालेली. कथेतलं लेखिकेच्या नावावर टाकणं ही या सेमिनारमधली सगळ्यात कॉमन चूक, आणि बघा, तिला साथ देणारा मास्तर पण कॉमन. प्रत्येक वाक्यापुढं पेन्सिलनं ख किंवा क लिहा, खरं का कथा. कंटाळवाणं आहे पण वाचवतं.

तिच्यावर खरं काय गुदरलं तेही तिनंच सांगितलंय. घरात पाणी शिरलं म्हणून सगळे गाडीतनं बाहेर पडले, वाटेत अडकले, आणि ज्यांच्या रानात थांबले त्या गोऱ्या मालकांनी घरात जागा नाही म्हणून आत घेतलं नाही. नंतर दुसऱ्या एका गोऱ्या कुटुंबानं आसरा दिला. दोन्ही सांगा, एकच सांगितलं तर गोष्ट सोपी होऊन जाते.

आता दुसरं काम, आणि हे वाचायच्या आधी करायचं. घरी कुणालातरी किल्लारीच्या रात्रीचं विचारा. आमची आई कधीच भूकंपापासून सुरू करत नाही, ती गणपती विसर्जनापासून करते, मग कोण उशिरा जेवलं, कोण कुठं झोपलं, कुत्रं कसं रडत होतं, आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट यायला तिला अर्धा तास लागतो. मग 'सॅल्वेज द बोन्स' उघडा. बारा दिवसांची बारा प्रकरणं, वादळ येतं अकराव्या दिवशी. तोवर काय, तर भावाची कुत्री व्यायली, पिल्लं जगतील का मरतील, बाप खिडक्यांना फळ्या ठोकायच्या नादात, एश आवारात कोंबड्यांनी लपवून घातलेली अंडी हुडकती. पोरं म्हणतात सर, काहीच घडत नाही. अरे आईनं पण अर्धा तास तेच केलं की. त्यातलं अंड्यांचं एक पान निवडा आणि वर्गात मोठ्यानं वाचा, सावकाश.

तिसरं, 'मेन वी रीप्ड', २०१३. ही आठवणींची, सगळी ख. चार वर्षांत ओळखीतली पाच तरुण पोरं गेली, त्यातला एक तिचा धाकटा भाऊ, २००० साली, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं धडक दिली. फळ्यावर दोन बाण काढा. एक डावीकडनं उजवीकडं, तिचं स्वतःचं आयुष्य लहानपणापासून पुढं. दुसरा उलटा, शेवटच्या मृत्यूपासून मागं मागं. दोन्ही बाण जिथं भिडतात तिथं भाऊ. एवढं काढलं की बोलायला फारसं लागत नाही, मी स्वतः एकदा हे काढून नुसता उभा राहिलो होतो.

पुरस्कार आता सांगा, उशिरा. अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड २०११ ला 'सॅल्वेज द बोन्स' साठी आणि परत २०१७ ला 'सिंग, अनबरीड, सिंग' साठी, कादंबरीचं हे बक्षीस दोनदा घेणारी पहिली बाई. पण त्याआधी हे जोडा की पहिली कादंबरी कुणी घेईना म्हणून तिनं लिहिणं सोडून नर्सिंगला जायचं ठरवलं होतं, तेव्हा कुठं एका छोट्या प्रकाशनानं होकार दिला, २००८ ला पुस्तक आलं. बीएड करू का पोलीस भरती, यात अडकलेल्यांना हे भिडतं.

एक धोका. २०२३ च्या 'लेट अस डिसेंड' मधी गुलाम पोरगी चालत न्यू ऑर्लिन्सला नेली जाते, तिथनं उसाच्या मळ्यात विकली जाते. वर्गातनं हमखास कुणीतरी म्हणणार, म्हणजे आपली ऊसतोड. म्हणू द्या, पण लगेच विचारा की उचल घेऊन कोयता हातात घेणं आणि माणूसच विकला जाणं यात काय फरक. पोरं भांडतील, भांडू द्या, मला तर हा भाग सगळ्यात आवडतो. फक्त घड्याळाकडं लक्ष ठेवा, सेमिनार पंधरा मिनिटांचा असतो.

आणि नावांचे उच्चार तिच्या मुलाखती ऐकून पाठ करा. डेलीलच्या स्पेलिंगमधला एस मुका आहे, पहिल्या वर्षी मी भर वर्गात डेलिस्ले डेलिस्ले करत होतो.