ड्रेसिंगचं पाकीट उघडण्याआधी

सर्जिकल वॉर्डात चार वर्षं काढून मी जखम, स्टोमा (मळ किंवा लघवी बाहेर जाण्यासाठी पोटावर शस्त्रक्रियेने केलेलं तोंड) आणि कंटिनन्स (मलमूत्रावरचा ताबा) यांच्या नर्सिंगकडे वळले, तेव्हा माझी समजूत अशी होती की जखमेची नर्स म्हणजे जिला सगळी ड्रेसिंग तोंडपाठ असतात ती. फोम कधी, अल्जिनेट कधी, हायड्रोकोलॉइड कधी. वहीत मी त्याचे तक्ते करून ठेवले होते. त्यांचा उपयोग झाला, पण खूप नंतर. आधी जे शिकायचं होतं ते एका आजोबांमुळे शिकले.

आजोबा अंथरुणाला खिळलेले. माकडहाडाच्या आसपास कातडी लाल, ओलसर, सोललेली. मी कागदावर 'प्रेशर इंज्युरी (म्हणजे सतत दाब पडून झालेली जखम), दुसरी पायरी' असं लिहिलं, फोमचं ड्रेसिंग लावलं आणि ठरल्या वेळी कूस बदलायच्या सूचना दिल्या. पाच दिवस सगळं पाळलं गेलं. कातडी मात्र रोज आणखी थोडी सोलवटत होती. सहाव्या दिवशी आमच्या ज्येष्ठ सिस्टर आल्या. त्यांनी आधी आजोबांच्या जांघा बघितल्या, कुल्ल्यांमधली फट बघितली आणि मला विचारलं, "यांना दिवसातून किती वेळा पातळ होतंय, लिहिलंयस का?"

लिहिलं नव्हतं. पातळ संडास फोमच्या कडेखाली साचून राहत होती. ती दाबाची जखम नव्हतीच, ओलीने कातडी भाजून निघाली होती. दाबाची जखम बहुधा हाडाच्या उंचवट्यावर होते आणि तिच्या कडा ठळक असतात. ओलीची जखम पसरट, घड्यांमध्ये शिरलेली, कडा पुसट. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी पलंगाशेजारी उभी असताना मला ते दिसलं नाही. सिस्टर तिथेच थांबल्या नाहीत. आजोबांना घट्ट शौच शेवटची कधी झाली, हे त्यांनी घरच्यांना विचारलं. बारा दिवसांपूर्वी. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा गुदाशयात कडक मळाचा खडा अडकलेला होता आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत होता. जुलाब समजून थांबवायचं औषध दिलं असतं तर हाल वाढले असते. खडा निघाला, कातडीवर झिंकचं मलम लागलं, आणि आठवड्याभरात ती कोरडी झाली.

तीन विषय एकाच नर्सच्या हाती का देतात, हा प्रश्न मला त्यानंतर कधी पडला नाही. जखम कुल्ल्यावर होती, तिचं कारण आतड्यात होतं आणि पुरावा चादरीवर होता.

या शाखेची सुरुवातही एका रुग्णापासूनच झाली. नॉर्मा गिल या बाईंना आतड्याच्या आजारामुळे इलिऑस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, करावी लागली होती. क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी 1958 मध्ये त्यांना इतर स्टोमाधारकांना मदत करण्यासाठी नेमलं आणि 1961 मध्ये तिथे या कामाचं पहिलं शिक्षण सुरू झालं. पुढे नर्सिंगचं शिक्षण ही अट आली, जखम आणि कंटिनन्स हे विषय जोडले गेले, आणि 1978 मध्ये या नर्सेसची जागतिक संघटना उभी राहिली. नव्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते. पुस्तकं नंतर आली. आधी स्वतःच्या पोटावर पिशवी बाळगणाऱ्या बाईचं शहाणपण होतं.

वाट तशी सरळ आहे. नर्सिंगची पदवी, नोंदणी, काही वर्षं वॉर्डातलं काम, मग या विषयाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम. त्यात वर्गातल्या अभ्यासाबरोबर अनुभवी नर्सच्या हाताखाली रुग्णांजवळ ठरावीक तास काढावे लागतात. अभ्यासक्रम निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघेन की ते तास कोणाबरोबर आणि कुठल्या वॉर्डात मिळणार आहेत. अमेरिकेतल्या प्रमाणपत्र मंडळाकडे जखम, स्टोमा आणि कंटिनन्स यांच्या परीक्षा वेगवेगळ्या देता येतात, आणि प्रमाणपत्राचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तिन्ही एकदम करायची घाई नको. पण कंटिनन्स कायमचा बाजूला टाकूही नका. बहुतेक जण तोच टाकतात.

आधीचा वॉर्ड कुठला असावा, असं मला नेहमी विचारतात. शस्त्रक्रियेचा चांगला, कॅन्सरचा चांगला, वृद्धांचा तर फारच चांगला. अतिदक्षता विभागात टाचा बघायची सवय लागते. रुग्णाचं पांघरूण स्वतः उचलून बघायची सवय जिथे लागेल, तो कुठलाही वॉर्ड चालेल.

आता स्टोमा. लोकांना वाटतं हे काम पिशवी लावण्यापासून सुरू होतं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम शस्त्रक्रियेच्या आधी होतं, आणि त्याला लागतं फक्त एक मार्किंग पेन. स्टोमा पोटावर नेमका कुठे यावा, त्या जागेवर खूण करायची. रुग्णाला झोपवून बघायचं, बसवून बघायचं, उभं करून, पुढे वाकवून बघायचं. झोपलेलं पोट सगळ्यांचंच सपाट असतं. बसल्यावर घड्या कुठे पडतात ते कळतं. खूण पोटाच्या सरळ स्नायूवर हवी, जुन्या व्रणापासून, नाभीपासून, बरगडी आणि कमरेच्या हाडापासून लांब हवी, कपड्याच्या कमरपट्ट्यावर नको, आणि रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशी हवी. पोट मोठं असेल तर ती वर घ्यावी लागते, नाहीतर बिचाऱ्याला स्वतःचा स्टोमा आरशाशिवाय दिसत नाही. खूण चुकली तर पुढे पिशवी गळते, कातडी जळते, माणूस घराबाहेर पडायचं सोडतो. ही वीस मिनिटं कोणी वाचवायला सांगितली तर ऐकू नका.

शस्त्रक्रियेनंतर रोज बघायचा तो रंग. निरोगी स्टोमा लाल आणि ओलसर असतो, ओठांच्या आतल्या बाजूसारखा. काळपट किंवा जांभळा पडला तर वाट न बघता सर्जनना बोलवायचं. स्टोमाला स्पर्शाची वेदना नसते, म्हणून प्लेटची (पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीची) कडा रुतली तरी रुग्ण तक्रार करत नाही. ते आपणच शोधायचं असतं. प्लेटचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं ठेवायचं. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत सूज उतरते आणि स्टोमा लहान होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी माप नव्याने घ्यायचं. पहिल्या मापाची भोकं पाडलेल्या प्लेट घरी नेऊन महिनोन्महिने त्याच लावणारे लोक मी पाहिले आहेत. इलिऑस्टॉमीतून येणाऱ्या मळात पाचकरस असतात, ते कातडीला खातात. गळतंय असं वाटलं तर वरून चिकटपट्टी मारायची नाही, प्लेट काढून पुन्हा लावायची. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करायची, हे वाक्य घरच्या प्रत्येकाला सांगा. आणि इलिऑस्टॉमीतून दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, तर नुसतं पाणी पिऊन भागत नाही, शरीरातलं मीठही जात असतं. हे रुग्णाला घरी जाण्याआधी समजायला हवं.

जखमांच्या बाबतीत वर्षानुवर्षांच्या सवयींशी गाठ पडते. 'जखम उघडी ठेवा, हवा लागू द्या, खपली धरू द्या' हे अजूनही ऐकू येतं. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या वरवरच्या जखमांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने कातडी धरते. पण हेही तितकंच खरं की टाचेवर कोरडी, घट्ट, संसर्ग नसलेली काळी खपली असेल तर तिला बहुतेक वेळा हात लावायचा नसतो. एकच नियम सगळीकडे चालवणारी नर्स या कामात टिकत नाही.

पायाच्या जखमेवर पट्टी बांधून दाब देण्याआधी रक्तपुरवठा तपासा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते 0.8 पेक्षा कमी असेल तर नेहमीचा जोरकस दाब धोक्याचा ठरतो. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झालेल्या असल्याने आकडा फसवा, चांगला येऊ शकतो, म्हणून आकड्यावर विसंबू नका, बोटं गार आहेत का तेही बघा. सावळ्या कातडीवर दाबाची पहिली लाली दिसतच नाही. तिथे हाताच्या पाठीने गरमपणा बघायचा, बोटाने कडकपणा किंवा लिबलिबीतपणा, आणि शेजारच्या कातडीशी ताडून बघायचं. बहुतेक पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीचे असतात, त्यामुळे ही सवय स्वतःच लावून घ्यावी लागते. दाबाच्या जखमेचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन मोजपट्टीत 6 ते 23 गुण असतात आणि कमी गुण म्हणजे जास्त धोका. नवखी नर्स बेरीज लिहून मोकळी होते. बेरजेपेक्षा मला सहा उपविभागांतलं ते एक महत्त्वाचं वाटतं, जिथे गुण सगळ्यात कमी पडले आहेत. ओल असेल तर ओलीचा बंदोबस्त, खाणं असेल तर खाण्याचा.

कंटिनन्समध्ये उपकरणं कमी आणि बोलणं जास्त. 'लघवीचा त्रास आहे का?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येतं. मी विचारते, "कुठे नवीन जागी गेलात की आधी बाथरूम कुठे आहे ते बघता का?" त्यावर कितीतरी बायका आधी गप्प होतात, मग बोलायला लागतात. तीन दिवसांची नोंदवही द्या: किती प्यायलं, कधी गेलं, किती झालं, कधी गळलं. खोकल्यावर गळणं वेगळं, घाईने गळणं वेगळं, आणि मूत्राशय भरून वाहिल्यामुळे सतत थेंब थेंब येणं आणखी वेगळं. तिसऱ्याला पॅड देऊन भागत नाही, लघवीनंतर आत किती उरते ते मोजावं लागतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवाल तेव्हा फरक दिसायला निदान तीन महिने लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर बायका तिसऱ्या आठवड्यातच सोडून देतात.

या कामातलं अवघड काय? वासाची सवय होते, कमरेची काळजी घेता येते. जड जातं ते एकटेपण. पूर्ण रुग्णालयात तुम्ही एकट्या असता, आणि प्रत्येक ड्रेसिंगसाठी तुम्हालाच बोलावणं येतं. पहिल्या वर्षी मी सगळीकडे धावले आणि आजारी पडले. नंतर प्रत्येक वॉर्डातली एक उत्साही स्टाफ नर्स हेरली आणि बोलावणं आलं की तिला शेजारी उभी करूनच काम केलं. दोन वर्षांत निम्मी बोलावणी थांबली, आणि अवघड रुग्णांना द्यायला माझ्याकडे वेळ उरला. माझ्याबरोबरच्या काही जणी पुढे बाह्यरुग्ण विभागात गेल्या, काही घरोघरी जाऊन सेवा देतात, काही शिकवतात.

अभ्यासक्रम सुरू होण्याआधी एक गोष्ट करून बघा. स्वतःच्या पोटावर पिशवी लावा, तिच्यात थोडं कोमट पाणी भरा आणि एक पूर्ण दिवस-रात्र तशाच वावरा. कामावर जा, जिने चढा, जेवा, झोपा. मी लावली होती तेव्हा दुपारपर्यंत ठीक होतं. रात्री कुशीवर वळताना पिशवीचा आवाज झाला आणि शेजारी झोपलेल्या माणसाला तो ऐकू गेला असेल का, या विचाराने मी बराच वेळ जागी राहिले. दुसऱ्या दिवशी ज्या बाईंना पिशवी बदलायला शिकवायचं होतं, त्यांना मी पहिला प्रश्न झोपेचा विचारला.